चुंबकीय रेषांची मोळी

कागदावर लोहकीस पसरून खाली चुंबक धरला की कीस आपोआप रेषांत मांडला जातो. शाळेत हा प्रयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. या बलरेषांचे दोन गुण आहेत. लांबीच्या दिशेने त्या ताणलेल्या रबरासारख्या आखडू पाहतात आणि शेजारच्या रेषा एकमेकींना दूर लोटतात.

गुरुत्वाकर्षण सारे काही आत खेचत असताना हे लोटणे त्याला थोपवू शकेल का? आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात हा प्रश्न अवघड होतो. तिथे वस्तुमानाबरोबर ऊर्जा आणि दाबही गुरुत्वाकर्षण निर्माण करतात. म्हणजे कोसळणे अडवणारा दाबच आतली ओढ वाढवतो!

1964 मध्ये मेल्विन या शास्त्रज्ञाने समीकरणांतून एक अजब गोष्ट काढली : केवळ चुंबकीय रेषांची, अनंत लांबीची मोळी. तिला बांधणारी दोरी म्हणजे तिचेच गुरुत्वाकर्षण. ही मोळी जरा दाबली तर कोसळेल, असे प्रिन्स्टनच्या जॉन व्हीलर यांना वाटत होते. त्यांचा विद्यार्थी किप थॉर्न याने गणित मांडले आणि उत्तर उलटे आले. कितीही दाबा, मोळी पुन्हा फुगते. गुरुंचा अंदाज शिष्याच्या गणिताने खोटा ठरवला.

यातूनच पुढे थॉर्न यांनी 1972 मध्ये ‘कड्याचा’ तर्क मांडला. वस्तू सर्व बाजूंनी इतकी आवळली जायला हवी, की ठरावीक घेराचे कडे तिच्याभोवती कोणत्याही दिशेने फिरवता येईल; तरच कृष्णविवर बनते. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी हा घेर सुमारे साडेअठरा किलोमीटर आहे. लांबलचक मोळी या कड्यात कधीच मावत नाही.

गोल ताऱ्याचे तसे नाही. सूर्याएवढा तारा दहा किलोमीटर त्रिज्येपर्यंत आकसला, तर रेषा दाटून चुंबकीय क्षेत्र सुमारे पाच अब्ज पटींनी वाढेल. तरीही वस्तुमान पुरेसे मोठे असेल तर गुरुत्वाकर्षणच जिंकते. कृष्णविवर बनताना ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र काही आत गिळले जाते, उरलेले लहरींच्या रूपाने निघून जाते. मागे चुंबकाची खूणही राहत नाही.

थॉर्न यांना 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी नोबेल विभागून मिळाले. त्यासाठीच्या लायगो प्रकल्पाची भारतीय वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात, व्हायची आहे.