दिवाळीची भेट आणि प्राप्तिकराचा हिशेब

वसुबारसेच्या आधी आठ-पंधरा दिवस व्यापारी पेढ्यांतून सुक्या मेव्याचे डबे, चांदीची नाणी आणि ‘कोणाला काय’ यांच्या याद्या यांची जी वर्दळ सुरू होते, ती किर्दीत ‘दिवाळी खर्च’ अशा एकाच नोंदीत आटोपली जाते. आणि सणाच्या निमित्ताने दिलेल्या वस्तूकडे सरकार काणाडोळा करते, अशी एक सोयीस्कर समजूत त्या नोंदीच्या आड निर्वेधपणे नांदत असते. वस्तुतः कायद्याला सणाशी कर्तव्य नाही. देणारा आणि घेणारा यांचा परस्परसंबंध काय, हेच तो पाहतो. (२०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने, येथील प्राप्तिकराचे आकडे आणि कलमे त्याआधीच्या १९६१ च्या कायद्याखालची समजावीत.)

नोकराला दिलेली पाच हजारांपर्यंतची भेट करमुक्त, हे खरे. परंतु ही मुभा वस्तूला किंवा वस्तूच्या कुपनाला आहे, रोकडीला नाही, आणि ती प्रत्येक सणाला स्वतंत्र नसून वर्षभराच्या एकूण भेटींना मिळून आहे. पाकिटात घातलेली पाचशेची नोटसुद्धा वेतनातच धरली जाते. बोनसाचे तर विचारूच नये: किमान ८.३३ टक्क्यांचा बोनस हा पात्र कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे, आणि म्हणूनच तो संपूर्ण करपात्र वेतन होय.

पन्नास हजारांच्या आकड्याने तर भल्याभल्यांची गल्लत केली आहे. मालकाने नोकराला वर्षभरात दिलेल्या पन्नास हजारांपर्यंतच्या भेटीवर जीएसटी लागत नाही. पण ही सवलत प्राप्तिकराला लागू पडत नाही. शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही, ही गोष्ट बहुधा हिशेबतपासनिसाच्या टेबलावरच उघडकीस येते.

व्यापारातील संबंधितांना, म्हणजे वितरकाला किंवा अडत्याला, दिलेल्या भेटीचा प्रकार निराळा. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर अन्वये, व्यवसायातून उद्भवलेला असा लाभ एका वर्षात वीस हजारांच्या वर गेला की देणाऱ्याने दहा टक्के करकपात केली पाहिजे. साठ हजारांचे सोन्याचे नाणे द्यावयाचे असेल, तर त्याचा दशांश कापून ठेवणे शक्य नसल्यामुळे, सहा हजारांचा कर भरला गेल्याची खात्री नाणे हाती ठेवण्यापूर्वीच करून घ्यावी लागते. आधल्या वर्षी एक कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यक्तिगत किंवा एकत्र कुटुंबाच्या धंद्याला या कपातीची सक्ती नाही. मात्र वीस हजार ही कपातीची मर्यादा आहे, करमाफीची नव्हे. त्याखालचा लाभही घेणाऱ्याच्या धंद्याच्या उत्पन्नात मोजला जातो, ही बाब बहुतेकांच्या गावीही नसते.

राहिले स्नेहभोजन. सणाच्या समारंभावर वेगळा कर बसतो असे अजूनही सांगणारे भेटतात. तो फ्रिंज बेनिफिट कर २००५ साली आला आणि २००९ साली गेला. खर्च सर्वस्वी व्यवसायासाठी असेल, तर कलम ३७ खाली त्याची वजावट मिळते. पण त्याच कलमाला बेकायदा खर्च चालत नाही: डॉक्टरांनी स्वीकारण्यास मनाई असलेल्या भेटींवरील औषध कंपन्यांच्या खर्चाला वजावट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात दिला. आणि आचाऱ्याला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख मोजली असेल, तर जेवण कितीही धंद्यापुरते असले तरी ती रक्कम सामान्यतः वजावटीतून बाद होते.