सांदणची घळ आणि दूरचा पाऊस

पावसाळ्यांत कोल्हापूरकरांना एक अनुभव दरवर्षीं येतो. शहरांत जेमतेम भुरभूर असते, एखाद्या वेळीं लख्ख ऊनही पडलेलें असतें. तरी पंचगंगेचें पाणी घाटाच्या पायऱ्या चढूं लागतें. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे आणि मग धोक्याच्या ४३ फुटांकडे सरकते. यांत नवल कांहीं नाहीं. पाऊस कोसळलेला असतो तो पश्चिमेस, गगनबावडा-राधानगरीच्या डोंगरांत. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती तो खालीं आणून पोंचवितात. नदीचा भरवसा डोक्यावरच्या आभाळावरून करावयाचा नसतो, उगमाकडच्या आभाळावरून करावयाचा असतो, हें २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनीं घरोघर पटविलें.

हाच धडा ज्या ठिकाणीं जिवाशीं गांठ घालतो, तें ठिकाण म्हणजे पाण्यानें भरलेली डोंगरांतील अरुंद घळ. हिवाळ्याच्या सुटींत अशी घळ उतरण्यासाठीं हल्लीं शहरोशहरचीं तरुण मंडळी निघतात. महाराष्ट्रांत त्यांचें सर्वांत आवडतें स्थान म्हणजे सांदणची दरी. भंडारदऱ्याच्या पलीकडे, रतनगडाच्या शेजारीं, अहमदनगर म्हणजे सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील साम्रद गांवापासून तिची वाट सुरू होते. सांद म्हणजे फट. ‘सांदीकोपरा’ या शब्दांत ती रोजच्या बोलण्यांतही भेटते. सुमारें २ किलोमीटर लांबीची ही भेग उतरत उतरत कोंकणच्या बाजूला उघडते. कांहीं ठिकाणीं भिंती २०० फुटांहून उंच आहेत. आणि अगदीं चिंचोळ्या जागीं हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात.

ही भेग पडली कशी? सह्याद्रीचा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होतांना आकसतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात. अशा चिरेंत ओढा शिरला, कीं पुराबरोबर गडगडणारे गोटे तळ घांसूं लागतात आणि वाट रुंद होण्याऐवजीं खोल होत जाते. अशी घळ ही प्रथम पाण्याची वाट आहे. माणूस तेथें केवळ पाहुणा आहे.

उतरण्याची रीत अवघड नाहीं. आरंभीं मोठमोठ्या धोंड्यांवरून चालावें लागतें. थोड्या अंतरावर पाण्याचे दोन डोह लागतात. ऋतुमानाप्रमाणें त्यांतील पाणी कधीं गुडघ्याइतकें, तर कधीं छातीपर्यंत असतें. ज्यास पुढें जावयाचें नाहीं, त्यानें डोह ओलांडून, दरी पाहून, आल्या वाटेनें परतावें. पुढें मात्र कडे आहेत. पहिला सुमारें ४५ फुटांचा. त्यानंतर त्याहून लहान टप्पे. तेथें कंबरेला पट्टा बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून, दोरावरून एकेकानें उतरावयाचें असतें. सर्वजण उतरल्यावर दोर ओढून घेतला, कीं मागची वाट बंद होते. मग दरीच्या तोंडाशीं जाऊन करोली घाटानें वर चढावें, किंवा खालीं डेहणे गांवाकडे निघावें.

म्हणून खरा निर्णय पहिल्या कड्याच्या माथ्यावरच करावयाचा असतो. कोणी थकला आहे काय, दिवस किती उरला आहे, आभाळ कसें आहे, याचा विचार तेथें शांतपणें व्हावा. परत फिरण्यांत कमीपणा नाहीं.

बाकीचे नियम साधे आहेत. ज्याचा तळ दिसत नाहीं त्या डोहांत उडी घेऊं नये. विहिरींत सूर मारणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यानेंही घेऊं नये, कारण गेल्या पुरानें तेथें कोणता धोंडा आणून ठेवला असेल याचा नेम नसतो. भिंतींवरून दगड सुटतात, म्हणून कड्याखालीं घोळका करून उभें राहूं नये. ऊन तळाशीं थोडाच वेळ पोंचतें आणि ओलें अंग कोरड्यापेक्षां फार लवकर निवतें. हुडहुडी भरलेल्या माणसाच्या बोटांना दोराची गांठ सुटत नाहीं. यास्तव कोरडे कपडे मेणकापडांत बांधून जवळ ठेवावे.

परंतु हे सारे धोके डोळ्यांपुढचे आहेत. मोठा धोका डोळ्यांआड असतो. समजा, वरच्या पठारावर ४० फूट रुंद आणि १ फूट खोल ओढा वाहत आहे. तेवढेंच पाणी तितक्याच वेगानें ४ फुटांच्या फटींत शिरलें तर त्याची खोली १० फूट होईल. उघड्या खडकावर पाऊस मुरत नाहीं. तो सरळ घळीकडे धांवतो. पंचगंगा चढावयास कांहीं तास घेते. घळीला कांहीं मिनिटें पुरतात.

अमेरिकेंतील अँटिलोप घळींत १२ ऑगस्ट १९९७ रोजीं ११ प्रवासी वाहून मेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हे, दूर वरच्या बाजूस झाला होता. स्वित्झर्लंडमध्यें इंटरलाकेनजवळ झाक्सेटेनच्या ओढ्यांत २७ जुलै १९९९ रोजीं वादळी पावसाचा लोंढा आला आणि घळ उतरणारे २१ जण दगावले. त्यांत तिघे वाटाडे होते. म्हणजे नुसता वाटाड्या बरोबर असणें पुरेसें नाहीं. त्यानें वरच्या आभाळाची खबर घेतलेली असली पाहिजे.

घळ स्वतःही कांहीं खुणा सांगते. भिंतींच्या उंच खोबणींत अडकलेल्या काटक्या व गवत पाहावें. मागच्या पुराची रेघ तीच. निवळ पाणी एकाएकीं गढूळ झालें, त्यावर पाने व काड्या तरंगूं लागल्या, किंवा वरून घरघर ऐकूं आली, तर सामान टाकून जवळच्या उंच जागीं चढावें. लोंढ्यापुढें पळून कोणी जिंकत नाहीं. पावसाळ्यांत सांदणींत पाऊलच घालूं नये. आणि हिवाळ्यांतही अवकाळी ढगांचें वर्तमान असेल तर बेत पुढें ढकलावा. गांवकऱ्यांनीं नको म्हटलें तर तो शब्द अखेरचा मानावा.

घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलांस अशा वाटेवर जाण्यापासून सरसकट अडवूं नये. डोंगर, पाणी आणि स्वतःचें बळ यांची पारख घरांत बसून होत नाहीं. परंतु “घळ सोपी आहे,” एवढ्या उत्तरावर समाधान मानूं नये. निघण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: पाण्याच्या वरच्या अंगास पाऊस आहे काय? कड्याच्या माथ्यावरून परतण्याचा अधिकार कोणास दिला आहे? आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाहीं म्हणजे साम्रदला विचारणा करावयाची? या तिहींचीं उत्तरें ज्याच्यापाशीं तयार आहेत, त्यानें खुशाल जावें.