आधी जागा, मग गुन्हा

माइक हॉजेस या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘गेट कार्टर’ (१९७१) एकदा तरी आवाज बंद करून बघावा. गोष्ट फार नाही. लंडनच्या टोळीतला जॅक कार्टर भावाच्या मृत्यूचा छडा लावायला जन्मगावी, न्यूकॅसलला जातो आणि एकेकाला संपवत सुटतो. आवाज नसला की कार्टर झालेल्या मायकल केनचा दबदबा जरा ओसरतो आणि चौकटीच्या कडेला काय चाललंय ते दिसू लागतं. स्टेशनाजवळच्या पबमध्ये कार्टर बिअर मागतो, तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या ग्लास धरलेल्या हाताला सहा बोटं आहेत. कॅमेरा तिथे थांबत नाही, आपल्याही नजरेतून ते बहुधा निसटतं. सुरुवातीला आगगाडीच्या डब्यात कार्टरसोबत एक अंगठीवाला प्रवासी बसलेला असतो. ती अंगठी चित्रपटाच्या शेवटी पुन्हा दिसते, बंदुकीचा चाप ओढणाऱ्या हातात. म्हणजे कार्टर लंडन सोडतो तेव्हाच त्याचा मारेकरी त्याच्यासोबत गाडीत बसलेला असतो, आणि ही गोष्ट दिग्दर्शक आपल्याला अजिबात सांगत नाही.

ही बारीक नजर मला हिशेबनिसाची वाटते. हॉजेस खरोखरच चार्टर्ड अकाउंटंट होते. १९३२ साली ब्रिस्टलमध्ये जन्म. परीक्षा झाल्या आणि सक्तीची नौदलसेवा आली, सुरुंग काढणाऱ्या जहाजावर. जहाज इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमार बंदरांना लागायचं. मध्यमवर्गीय घरातल्या या तरुणानं तिथं जी गरिबी पाहिली, ती त्याच्या कल्पनेतही नव्हती. परत आल्यावर हिशेबाच्या वह्या सोडून त्यांनी टेलिव्हिजनमध्ये टेलिप्रॉम्प्टर चालवण्याचं काम धरलं. तिथून ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ या शोधपत्रकारितेच्या मालिकेत गेले आणि मग थरारनाट्याकडे वळले. ‘सस्पेक्ट’ (१९६९) हे त्यांचं टीव्हीनाट्य पाहून निर्माते मायकल क्लिंगर यांनी टेड लुइसची कादंबरी त्यांच्या हाती दिली. तिच्यावरूनच ‘गेट कार्टर’ झाला.

कादंबरीतलं गाव न्यूकॅसल नाही. हॉजेसना नौदलाच्या दिवसांतली बंदरं आठवत होती, म्हणून ते गाडी घेऊन किनारा धुंडाळत निघाले आणि न्यूकॅसलला थांबले. पटकथेतले प्रसंग या शहरातल्या जागांवर बसवले. छायालेखक निवडला तोही माहितीपटांत मुरलेला, मूळचा व्हिएन्नाचा वोल्फगांग सुशित्स्की. १९७० साली न्यूकॅसल अर्धं पाडलेलं, अर्धं बांधकामाखाली होतं. नव्या शहराची स्वप्नं दाखवणारा तिथला नेता टी. डॅन स्मिथ पुढे १९७४ मध्ये भ्रष्टाचाराबद्दल तुरुंगात गेला. चित्रपटात त्याचं नाव कुठे येत नाही, यायची गरजही नाही. शेजारच्या गेट्सहेडमधल्या बहुमजली कार पार्कच्या माथ्यावर एका धनिकाला रेस्टॉरंट काढायचंय. कार्टर त्याला जिन्यावरून खाली फेकतो. वर उभे असलेले दोन वास्तुविशारद एकमेकांकडे बघतात, आणि त्यांची काळजी एवढीच की आता आपली फी काही मिळत नाही! प्रत्यक्षातही त्या माथ्यावर रेस्टॉरंट कधी सुरू झालं नाही. इमारत २०१० मध्ये पाडली.

गुंडाच्या बंगल्यासाठी हॉजेसनी निवडलेलं घरही असंच. १९६७ साली स्लॉट मशिनच्या धंद्यातून डरहॅम भागात एक खून गाजला होता. त्या धंद्यातल्या एका बड्या माणसाचं ते घर. शेवटच्या पाठलागासाठी ब्लॅकहॉलचा किनारा आहे. तिथे लोखंडी दोरावरून बादल्या सरकत समुद्रावर जातात आणि कोळशाच्या खाणीतला टाकाऊ माल पाण्यात ओततात. चित्रपटासाठी काही उभारलेलं नाही, खाणीचं ते तेव्हाचं रोजचं काम होतं. कार्टर एका प्रेताला त्याच बादलीत घालून रवाना करतो. खून आणि कारखानदारीची घाण एकाच वाटेनं जातात. ही जागा सापडली नसती तर हा शेवट कुणाला सुचला असता, असं मला वाटत नाही.

आता आवाज सुरू करा. रॉय बडच्या शीर्षकसंगीतात हार्प्सिकॉर्डच्या जोडीला चक्क तबला आहे. आपला कान तिथे लगेच टवकारतो. आगगाडीच्या ठेक्याशी तो असा जमलाय की परका वाटतच नाही. टोळीप्रमुखाच्या भूमिकेत नाटककार जॉन ऑस्बोर्न इतकं हळू बोलतात की प्रेक्षकाला पुढे झुकावं लागतं.

‘गेट कार्टर’मधलं मला न पटणारं एक आहे: बायका इथे बहुतेक मार खाण्यापुरत्या, नाहीतर मरण्यापुरत्या येतात. एक बाई डिकीत कोंडलेली असताना गाडी नदीत ढकलली जाते, तेव्हाही कार्टरच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. हॉजेसना तो निर्दय दाखवायचाच होता हे कबूल. तरी त्या बाईकडे चित्रपटही कार्टरच्याच नजरेनं बघतो.

पुढची कारकीर्द खडबडीत. ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९८०) हा झगमगाट चालला. ‘अ प्रेयर फॉर द डाइंग’ (१९८७) निर्मात्यांनी परस्पर कापला, तेव्हा हॉजेसनी तो आपला मानायचं नाकारलं. साठी उलटल्यावर आला ‘क्रूपिये’ (१९९८). इथलाही नायक जॅक, पण हा कॅसिनोत पत्ते वाटतो. स्वतः जुगार खेळायचा नाही, गिऱ्हाइकांशी संबंध ठेवायचे नाहीत, हे नोकरीचे नियम. क्लाइव्ह ओवेनच्या हातातल्या चकत्या आणि पत्ते बघताना पुन्हा तो हिशेबनीस आठवतो. ब्रिटनमध्ये चित्रपटाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. २००० साली अमेरिकेत मात्र तो महिनोन्‌महिने चालला. आधी नेदरलँड्सच्या टीव्हीवर दाखवला गेला होता, म्हणून ऑस्करला अपात्र ठरला.

त्याच वर्षी हॉलिवूडनं सिल्व्हेस्टर स्टॅलोनला घेऊन ‘गेट कार्टर’ नव्यानं काढला आणि गोष्ट सिएटलला नेली. तिथला जॅक शेवटी जिवंत राहतो. ते एक वेळ चाललं असतं. पण सिएटलच्या जागी दुसरं कुठलंही शहर ठेवलं असतं, तरी त्या चित्रपटात काडीचा फरक पडला नसता.