डोळा पुढे येतो, पण मूळ कपाळात

बैलाचे शिंग मुळाशी मोडले की त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते, हे पुष्कळ शेतकऱ्यांनी पाहिले असेल. मोठ्या जनावराच्या कपाळातील पोकळी शिंगाच्या हाडात शिरलेली असते व ती नाकात उघडते. माणसाला शिंगे नाहीत, पण भुवईवर, नाक व डोळा यांच्या मध्ये आणि गालात अशाच पोकळ्या आहेत. त्यांना सायनस म्हणतात. नाकाच्या बाजूने सायनस व डोळ्याची खोबण यांत हाडाचा पडदा असतो, तो कागदाइतका पातळ.

या पोकळीत कधी कधी हाडाचीच गाठ वाढते. तिचे नाव ऑस्टिओमा. बहुधा ती भुवईवरच्या सायनसमध्ये असते. हा कर्करोग नव्हे. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर पसरतो, शिंग हलू लागते, जनावर खंगते. ही गाठ तशी पसरत नाही. ती वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढते आणि पुष्कळांना जन्मभर कळतही नाही.

पण खोबणीकडे वाढली तर डोळ्याला जागा उरत नाही. डोळा पुढे व खाली सरकतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, पाणी गळते, कपाळ दुखते. गाठीने सायनसचे तोंड बंद झाले तर आत शेंबूड साचून दाब आणखी वाढतो. दृष्टीची नस दाबली गेली की दिसणे कमी होते, आणि ते नेहमीच परत येते असे नाही.

बदल इतका सावकाश होतो की घरच्यांना उमगत नाही. लग्नाचा किंवा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा जुना फोटो काढून ताडून पाहावे. माणसाला बसवून मागून, डोक्यावरून खाली पाहिले तर कोणता डोळा पुढे आहे ते चटकन समजते.

अशा डोळ्याला कपाळावर डाग देऊ नये, दुकानातले थेंबही घालू नयेत. हाड थेंबांनी विरघळत नाही. सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बालाघाट, गोंदिया किंवा नागपूरला जावे. एक्स-रेत गाठ पांढरीशुभ्र दिसते. सीटी स्कॅनने ती कुठवर गेली ते कळते. त्रास नसेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. डोळा ढकलला जात असेल तर शस्त्रक्रिया करतात, पुष्कळदा नाकातूनच, दुर्बिणीने.

जबड्यावर, डोक्यावर अशा अनेक गाठी असतील व घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. दोहोंचा संबंध असू शकतो.

तापासह डोळा एक-दोन दिवसांत सुजला किंवा दिसणे एकाएकी कमी झाले, तर पेरणी असो की कापणी, त्याच दिवशी निघावे.