कोंबडीचे नत्र आणि तक्त्याचा न्याय

दोन देशांची तुलना करावयाची झाली की आपण तक्ता उघडतो, दोन रकाने शेजारी ठेवतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याला दोषी ठरवून मोकळे होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीत अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून कुरणावर पडणाऱ्या नत्राचा असाच एक रकाना आहे. विषय वरवर क्षुल्लक भासेल. तो तसा नाही. या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने या वायूची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कर्बवायूच्या २७३ पट आहे. काही अंश नायट्रेटच्या रूपाने विहिरीत झिरपतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते.

प्रथम एका कोंबडीचा हिशेब पाहू. अंड्यावर असलेली संकरित कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १७ टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांत १६ टक्के नत्र असते हे लक्षात घेतले, तर रोज तीन ग्रॅम नत्र तिच्या पोटात जाते. एका अंड्यातून जेमतेम एक ग्रॅम बाहेर पडते. उरलेले दोन ग्रॅम विष्ठेत उतरते. म्हणजे वर्षाकाठी सुमारे सातशे ग्रॅम. हा हिशेब ब्रिटनमध्ये आणि भारतात जवळजवळ सारखाच. भेद पडतो तो ही विष्ठा कोठे पडते यात.

ब्रिटनमध्ये साध्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी आहे आणि तेथील निम्म्याहून अधिक अंडी मुक्तसंचारी कोंबड्यांची असतात. नियमाप्रमाणे प्रत्येक कोंबडीस बाहेर चार चौरस मीटर जागा हवी; म्हणजे हेक्टरी २,५०० कोंबड्या. त्यांचे एकूण नत्र वर्षाला १,७५० किलो भरते. बहुतांश विष्ठा घरातच पडते हे खरे; परंतु केवळ एक दशांश कुरणावर पडली असे मानले, तरी हेक्टरी १७५ किलो होतात. तेथील नायट्रेट-संवेदनक्षम क्षेत्रांत जनावरांच्या खतातून येणाऱ्या नत्राची मर्यादा हेक्टरी १७० किलो आहे, आणि तीही संपूर्ण शेताची सरासरी म्हणून. कोंबडी मात्र सरासरीने वागत नाही. तिचा मूळ पूर्वज आशियाच्या जंगलातील लाल रानकोंबडा. उघड्या आभाळाखाली तिला भय वाटते. म्हणून ती दाराजवळच घोटाळते आणि तेवढाच पट्टा नत्राने भरून जातो. तेथील काही शेतकरी कुरणात झाडे लावतात, ती याकरिताही.

भारताचे चित्र दुहेरी आहे. २०१९ च्या पशुगणनेत कोंबड्या-बदकांसह एकूण ८५ कोटी पक्षी नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते. व्यापारी शेडमधील अंड्यावरील कोंबड्या प्रायः पिंजऱ्यात असतात. त्यांच्या नावावर कुरणाच्या रकान्यात शून्य पडते. पण शून्य म्हणजे नत्र नाहीसे झाले असे नव्हे. पिंजऱ्याखाली साठलेल्या विष्ठेतून अमोनिया उडत राहतो आणि उरलेले कोंबडखत ट्रकने मळ्यांत, बागांत जाते. नत्राने फक्त रकाना बदललेला असतो.

परसातील कोंबडीची गोष्ट आणखी निराळी. ती किडे, सांडलेले दाणे, खरकटे टिपते. त्याच अंगणातले नत्र त्याच अंगणात परत टाकते. ब्रिटिश कुरणावरील कोंबडी मात्र विकतचे खाद्य खाते, आणि त्यातील सोयाबीन बहुधा दक्षिण अमेरिकेतून आलेले असते. तिच्यामुळे त्या जमिनीत बाहेरचे, नवे नत्र येते. तक्त्यात दोघींचा किलो सारखाच दिसतो. जमिनीच्या लेखी तो सारखा नाही.

शिवाय हे आकडे कोणी कुरणावर जाऊन मोजलेले नसतात. पक्ष्यांची संख्या, वजन, दरवजनी नत्र आणि बाहेर पडणारा हिस्सा यांचा तो गुणाकार असतो; देशाची स्वतःची नोंद नसेल तेथे संपूर्ण प्रदेशासाठी ठरविलेले प्रमाण वापरतात. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २००६ मध्ये गुरे, डुकरे व कोंबड्यांच्या कुरणावरील नत्रापैकी २ टक्के नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जाते असे धरले होते. २०१९ च्या सुधारणेत ते प्रमाण ०.४ टक्के झाले. एकही कोंबडी न हलता अंदाज पाचपट खाली आला! शास्त्राने अधिक निरीक्षणांनंतर स्वतःला दुरुस्त केले, हे त्याचे भूषणच होय. परंतु अशा आकड्यावरून राष्ट्रांचे गुणदोष ठरविणाऱ्याने तरी सावध राहावयास हवे.

याचा अर्थ तुलना करूच नये असा नाही. ती करताना तीन प्रश्न विचारावेत: नत्र हेक्टरी किती पडले, ते आले कोठून, आणि अखेर गेले कोठे? या कसोटीवर ब्रिटनला दारापुढच्या पट्ट्याची चिंता वाहावी लागेल आणि भारताला पिंजऱ्याखालच्या ढिगाची. एकाच्या मोठ्या आकड्याने दुसऱ्याचे शून्य निर्दोष ठरत नाही. आकडे शिकविणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी बेरजेआधी रकान्याचा मथळा नीट वाचण्याची सवय लावली, तर असे पुष्कळ खोटे न्यायनिवाडे टळतील.