गोठ्याच्या पाण्यावरचं हिरवं खत

परवा नागपुरात सीताबर्डीवर एका गोपालकाने मोबाइलवर फोटो दाखवला. "भाऊ, गोठ्यामागच्या डबक्यावर हे शेवाळ पसरलंय. फेकून देऊ का?"

बिलकुल नाही! ते डकवीड. इवल्या पानाखाली मूळ लोंबत होतं; शेवाळाला मूळ नसतं.

गोठा धुतलेल्या पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषून ते पोषक हवेत दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. धानाच्या बांधीतल्या ॲझोलासारखं हवेतलं नत्र मात्र धरत नाही. त्यातलं नत्र पाण्यातूनच आलेलं, म्हणून वरचेवर गाळून काढा, नाहीतर कुजून सगळं परत पाण्यात.

गोमूत्र जास्त असेल तर साधं पाणी मिसळा. त्यातून होणाऱ्या अमोनियाने डकवीड मरतं. नागपूरच्या मे महिन्यात सावलीला हिरवी जाळीही हवीच.

काढलेलं डकवीड कंपोस्टमध्ये घाला. ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, घमेलंभर पाहून हुरळू नका.

काही अडलं तर खाली विचारा.