डेंग्यूचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’, तरी निर्धास्त नको!

पावसाळ्यात ताप आला की दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले जाते. ‘डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह’ असा रिपोर्ट येतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र हा दिलासा फसवा ठरू शकतो.

विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार व्हायला वेळ लागतो. आयजीएम प्रतिपिंडे तापाच्या साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर रक्तात सापडू लागतात. त्याआधीची चाचणी निगेटिव्ह आली, तरी डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या पाच दिवसांत विषाणूचेच प्रथिन शोधणारी ‘एनएस-१’ चाचणी करतात. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांमध्ये तीही चुकू शकते.

उलट चूकही होते. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहते. त्यामुळे आजचा ताप दुसऱ्याच कारणाचा असून रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. झिका आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू डेंग्यूच्याच कुळातले असल्याने तेही चाचणीला चकवतात. नुसते आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर ती बहुधा जुन्या संसर्गाची खूण असते.

साथ आहे की नाही, यावरही रिपोर्टचा अर्थ बदलतो. समजा, एखादी चाचणी शंभरपैकी ९० रुग्ण ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हजार जणांत खरे रुग्ण २० असतील, तर १८ सापडतील. पण ४९ जण विनाकारण पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे चार पॉझिटिव्हमागे जेमतेम एक खरा! ऐन साथीत रुग्ण जास्त असतात, तेव्हा त्याच चाचणीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट अधिक भरवशाचा असतो.

काही मिनिटांत निकाल देणाऱ्या कार्ड टेस्टपेक्षा प्रयोगशाळेतील एलायझा चाचणी अधिक खात्रीची. सरकारी केंद्रांना आयजीएम एलायझाची किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते.

उपचार मात्र केवळ रिपोर्टवर ठरत नाहीत. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा असतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, कमालीची सुस्ती यांपैकी एकही लक्षण दिसले, तर रिपोर्ट काहीही असो, रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तापासाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे; पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

तपासणीला जाताना ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, हे आवर्जून सांगावे. त्याशिवाय रिपोर्टचा अर्थ नीट लागत नाही.